भिंतीवरचा तक्ता आणि दारातल्या चपला

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडची एक बालवाडी, १८ मुलं, वय ३ ते ६. भिंतीवर 'माझे कुटुंब' हा छापील तक्ता: आई, बाबा, ताई, दादा, सोफ्यावर आजी-आजोबा. त्यावर बोट ठेवून 'तुझ्या घरी कोण कोण आहे?' असं विचारलं की निम्मी मुलं गप्प होतात. एकाने तर तक्त्यातलीच माणसं आपल्या घरची म्हणून सांगितली. एकीला वडील नाहीत, दोघं आजीकडे वाढताहेत, एका नेपाळी मुलाचं सगळं घर कलमांच्या बागेतल्या खोपीत आहे. वेगवेगळी कुटुंबं दाखवणारी चित्रपुस्तकं कोणती घ्यावीत आणि ती कशी वाचावीत, असं तिथल्या शिक्षिका ताईंनी विचारलंय.

ताई, अडचण तक्त्यात आहे तेवढीच तुमच्या प्रश्नातही आहे. 'घरी कोण कोण आहे?' ही हजेरी झाली. हजेरीत गैरहजर माणूसच आधी डोळ्यांत भरतो. चार वर्षांच्या मुलाला एवढं नक्की कळतं की इथे काही ठरलेलं उत्तर आहे आणि आपल्याकडे ते नाही. ज्याने तक्त्यातली माणसं सांगितली, तो खोटं बोलला नाही, त्याने पेपर सोडवला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कुटुंब हा 'विषय' म्हणून शिकवायला जाऊ नका. प्रश्न बदला. 'कोण आहे?' ऐवजी 'कोण काय करतं?' असं विचारा. भात कोण वाढतं, वेणी कोण घालतं, ताप आला की रात्री कोण जागतं. नाती घरोघर वेगळी असतात, कामं मात्र सगळीकडे तीच. पुस्तक निवडताना, वाचताना आणि मुलांशी बोलताना हा एकच धागा धरला तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. घरातली घटना ताजी असेल, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांत मृत्यू झाला असेल किंवा आई नुकतीच घर सोडून गेली असेल, तर त्याच प्रसंगाचं पुस्तक सगळ्या वर्गापुढे वाचू नका. घरच्यांशी बोला आणि वाटलंच तर त्या एकट्या मुलाला मांडीवर घेऊन वाचा. दुसरं, गाव लहान आहे. शहरातल्या शाळेत एखादं घर झाकलेलं राहतं, आपल्याकडे कोणाच्या घरात काय झालं ते वाडीतल्या पोरांना आधीच ठाऊक असतं आणि तेही मोठ्यांच्या शब्दांत. 'तिच्या आवशीक सोडल्यानी' (तिच्या आईला सोडून दिलं) हे वाक्य तुमच्या वर्गात कधीतरी येणारच.

तिसरी गोष्ट वेळेची. 'माझे कुटुंब' बहुतेक ठिकाणी वर्ष सुरू होताच, जून-जुलैत घेतलं जातं. किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणजे खलाशांची मुलं त्या दिवसांत बापूस घरात असल्याने खुशीत असतात. चाकरमान्यांची मुलं मात्र तेव्हा गणपतीचे दिवस मोजत असतात. नारळी पौर्णिमेनंतर चित्र उलटं होतं: बोटी दर्यात जातात आणि थोड्याच दिवसांत मुंबईच्या गाड्या भरून येतात. विसर्जनानंतरचा आठवडा सर्वांत कठीण. त्या आठवड्यात घराविषयी एकही पुस्तक काढू नका. बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब आंबा संपला की निघून जाणार आणि तिकडे रायगडकडच्या बालवाड्यांतली कातकरी वाडीतली मुलं दिवाळीनंतर वीटभट्टीवर. त्यांच्या घराची पानं त्यांची पाठ फिरल्यावर वाचण्यात काय अर्थ? म्हणजे हे काम एका आठवड्याच्या प्रकल्पाचं नाहीच. वर्षभर, महिन्यातून दोनदा, अधूनमधून.

पुस्तकं. रुडिन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० मध्ये एक गोष्ट मांडली आणि ती आजही उपयोगी पडते: मुलाला पुस्तकात कधी आरसा मिळायला हवा, कधी खिडकी. स्वतःचं घर दिसेल असा आरसा, दुसऱ्याचं दिसेल अशी खिडकी. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत शहरातला फ्लॅट, बाल्कनी आणि चौकोनी कुटुंब असतं, म्हणजे कोकणातल्या मुलाला नुसत्या खिडक्याच. तरी शोधलं तर मिळतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं, तूलिकाची मराठीतली, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं चाळा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात आणि मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवून त्यातली भाषा बदलून वापरायचीही मुभा आहे. मालवणीत करून घ्यायला ही सोय उत्तम.

नावांची यादी देण्यापेक्षा पारख कशी करायची ते सांगते. 'कुटुंबं किती प्रकारची असतात' असं सांगणारं पुस्तक मी शेवटी घेईन. आधी अशी पुस्तकं घ्या जिथे गोष्ट भलत्याच कशाची आहे, हरवलेल्या कोंबडीची, पहिल्या पावसाची, आणि त्यातलं मूल आजोबांबरोबर राहतं एवढंच सहज दिसतं, त्याचं कोणी कारण सांगत नाही. दुकानात पुस्तक हातात आलं की मजकूर न वाचता फक्त चित्रं पाहा. आई प्रत्येक पानावर चुलीशीच आहे का? एकट्या आईच्या घराला उदास, करडे रंग दिले आहेत का? शेवटी बाबा परत येतात आणि मगच सगळे हसतात का? हे तिसरं दिसलं तर ते पुस्तक ठेवून द्या. ज्याचे बाबा परत येणार नाहीत त्याला ते सांगतं की तुझी गोष्ट अजून अर्धवट आहे. लांबी १२ ते १६ पानं, पानाला एक किंवा दोन ओळी. त्याहून जास्त असेल तर तीन वर्षांची मुलं सहाव्या पानाशी उठतात.

विकतच्या पुस्तकांत तुमच्या १८ घरांपैकी पाच-सहा भेटली तरी खूप. उरलेल्यांसाठी एक पुस्तक हाताने करा. माणसं काढायची नाहीत, दारातल्या चपला काढायच्या. ज्यांचा हात चित्रकलेत बसलेला नाही त्यांनाही चपला जमतात. शिवाय चेहरा नसल्याने हे अमक्याचं घर असं कोणी बोट दाखवत नाही.

ए-थ्री मापाचे २०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) चार कार्डशीट घ्या. ३०० चे घेतले तर घडीवर तडकतात. प्रत्येक मधोमध दुमडून घडीवर चमच्याची पाठ घट्ट फिरवा. चारही एकात एक घातले की १६ बाजू होतात: पुढचं-मागचं मुखपृष्ठ आणि मधे सात जोडपानं. त्यातलं पहिलं कोरं सोडा, उरलेली सहा पायऱ्यांसाठी. घडीवर दाभणाने पाच भोकं पाडून शिवा. स्टेपल करू नका, आपल्या खाऱ्या हवेत पिना पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि पानावर तांबडे डाग उतरतात. शिवायला जाळं विणायचा नायलॉनचा दोरा घ्या, तो कुजत नाही आणि कोणत्याही कोळीवाड्यात तुकडा मिळतो. लॅमिनेशनचा मोह टाळा: शिवलेल्या भोकांतून दमट हवा शिरते आणि श्रावणापर्यंत आत बुरशी धरते. वह्यांना घालतात तसं सुटं प्लास्टिकचं कव्हर पुरतं. स्केचपेन ओल्या बोटांनी पसरतो. बाहेरची रेघ पक्क्या मार्करने मारा आणि आत मेणखडू भरा. काही चिकटवायचं असेल तर फेव्हिकॉल वापरा, पिठाची खळ नको, ती झुरळं खातात.

या सहांपैकी प्रत्येक जोडपानावर एक पायरी. पहिल्या पायरीवर आजीच्या झिजलेल्या रबरी चपला आणि शेजारी चिमुकल्या. दुसरीवर खलाश्याचे गमबूट, बाईच्या चपला आणि दोन लहान जोड. तिसरीवर ढीग, अकरा जोड, एकत्र कुटुंबाचं घर. हे पान मुलांचं सर्वांत आवडतं असतं, कारण मोजता येतं. चौथीवर बाईच्या दोन जोड चपला आणि एक लहान जोड. पाचवीवर पुरुषाचा एक जोड, एक लहान आणि भिंतीला टेकवलेली आजोबांची काठी. सहावी पायरी रिकामी.

मजकूर एकाच ओळीचा आणि त्यात नातं नको, काम हवं: 'मोठा जोड पाणी तापवतो, छोटा जोड आंघोळ करतो.' 'गमबूट मासे आणतात, बाकीचे तीन जोड वाट बघतात.' सहाव्या पायरीखाली 'इथे कोणाचे?' एवढंच.

सहाव्या पानावर गणपतीचा दिवस काढावा, अंगणभर चपला, मुंबईचे बूट, सगळे घरी, असं तुमच्याही मनात येईल. दिसायला ते पान फार गोड होतं. पण गणपतीला सगळे येतात हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. आणखी एक सावधगिरी: वर्गात कोणाच्या घरी चपलाच नसतील तर एका पायरीवर नुसती चिखलाची पावलं काढा, मोठी आणि छोटी. ते न करता हे पुस्तक त्या मुलापुढे उघडू नका.

वाचताना अठराही मुलं एकदम घेऊ नका. सहा-सात जणांचा गट, १०-१२ मिनिटं. बाकीच्यांना मदतनीस ताई शिंपल्यांशी बसवतील. तुमची पाठ भिंतीकडे असू द्या. पाठीमागे खिडकी असेल तर मुलांना पानावर नुसती चमक दिसते. पावसात वीज गेली की दाराजवळ सरका, उजेड बाजूने येऊ द्या. पुस्तक छातीशी नाही, खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पान उलटल्यावर बोलायच्या आधी मनात पाच आकडे मोजा. मुलं चित्र आधी वाचतात, त्यांना तेवढा वेळ लागतो.

पुस्तक काढाल त्या आठवड्यात तेच चार दिवस वाचा. पहिल्या दिवशी सलग, एकही प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी चित्रांवर बोलायचं. तिसऱ्या दिवशी मुलांनी सांगायचं, तुम्ही फक्त पानं उलटायची. चौथ्या दिवशी खऱ्या चपला: बालवाडीच्या दारातले जोड रांगेत लावा, मोजा, लहान-मोठे करा, ज्याचे त्याने ओळखायचे. पहिल्याच दिवशी प्रश्नांची सरबत्ती केली की गोष्ट मरते. ही चूक सर्रास होते.

प्रश्न नेहमी पुस्तकातल्या मुलाबद्दल, समोरच्या मुलाबद्दल नाही. 'ह्या छोट्या जोडाला जेवायला कोण वाढत असेल?' असं विचारा. 'तुला कोण वाढतं?' असं नको. ज्याला सांगायचं असेल तो न विचारता सांगतो आणि ज्याला नसेल त्याला पुस्तकाआड लपायला जागा राहते. 'माझ्या बाबांचे बूट कपाटात आसत, ते बोटीवर गेले,' असं एखादं मूल बोललं की तेच वाक्य तुम्ही पुन्हा म्हणा, 'तुझ्या बाबांचे बूट कपाटात आहेत,' आणि पान उलटा. त्यावर कौतुक नको, सुस्कारा तर नकोच. आवाज जरा जरी 'बिचारा' या सुरात गेला तरी गटातली बाकीची सगळी डोकी त्या मुलाकडे वळतात.

अडचणीची वाक्यं येणार. पहिल्याच पायरीशी कोणी विचारेल, 'हेचो बापूस खंय आसा?' (ह्याचा बाप कुठे आहे?) खरं आणि पुरेसं उत्तर: 'ह्या पायरीवर बाबांच्या चपला नाहीत. पाणी कोण तापवतं ते बघूया.' कोणी शेजारणीकडे बोट दाखवून म्हणालं, 'हिचो बापूस पळान गेलो,' तर रागावू नका. रागावलात तर ती गोष्ट लाजिरवाणी आहे हे दोघांनाही कळतं. 'ते तिच्या घरचं. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल,' एवढं म्हणून पुढच्या पानावर जा. त्या मुलीला नंतर, सुटायच्या आधी, जवळ घ्या.

चौथ्या पायरीवरून विचारतील, 'दोघी कोण?' मुलं स्वतःच सुचवतात: आई-मावशी, आई-आजी, दोन आया. सगळी उत्तरं चालतील असं म्हणा. दोन बायका किंवा दोन पुरुष मिळून मूल वाढवतात अशी घरं जगात आहेत. कोणी थेट विचारलंच तर 'हो, अशीही घरं असतात' हे या वयाला पुरेसं उत्तर आहे. लग्न आणि कायदा हे प्रश्न मोठ्यांचे, चार वर्षांचं मूल फक्त छोटा जोड कोण सांभाळतं एवढंच विचारत असतं.

मृत्यूबद्दल मात्र जपून आणि स्पष्ट बोलावं लागतं. पाच वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे कळत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक गोंधळ आहे. बाबा मुंबईला गेले म्हणजे गणपतीला येतात. मग 'बाबा देवाच्या गावाला गेले' हे ऐकलेलं मूलही गणपतीला वाट बघतं. घरच्यांनी काय शब्द वापरलेत ते आधी विचारा आणि त्यांची परवानगी असेल तर साधं सांगा: 'बाबा मेले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. ते परत येणार नाहीत.' ऐकायला कठोर वाटतं, पण रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्याकडे बघत बसण्यापेक्षा कमी कठोर.

दत्तक मुलाबद्दल दोन शब्द टाळा: 'खरी आई' आणि 'पाळलेला'. जन्म दिलेली आई आणि वाढवणारी आई, असं म्हणा आणि तेही घरच्यांनी मुलाला सांगितलेलं असेल तरच. तो खुलासा बालवाडीने करायचा नसतो.

नात्यांचे शब्द दुरुस्त करू नका. मूल आवस-बापूस म्हणतं, मोहल्ल्यातलं अम्मी-अब्बा म्हणतं, नेपाळी मूल आमा म्हणतं. आणि आपल्या एकत्र घरांत तर आईला 'वहिनी' आणि आजीला 'आई' म्हणणारी मुलं आजही भेटतात, कारण काका जे म्हणतात तेच कानावर पडतं. त्याला 'वहिनी नाही, आई म्हण' असं सांगितलंत तर आई कोण हा प्रश्न तुम्हीच निर्माण केलात. पानावर 'आई' छापलं असलं तरी वाचताना मुलांचे शब्द घ्या, आज ह्याचा, उद्या तिचा.

वंशवृक्ष काढा, घरच्यांचा फोटो आणा, आईसाठी कार्ड करा, हे उपक्रम मी बंदच करीन. फोटो नसलेलं घर असतं, आई नसलेलं असतं. त्याऐवजी गावातल्या बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या वाटेने जा. त्यांनी १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, काम सुरू केलं ते शिंपल्या, बिया, दगड, पानं असं भोवतालचं साहित्य हाताशी घेऊन. प्रत्येक मुलाला मूठभर शिंपल्या द्या, 'जे तुझी काळजी घेतात त्यांच्यासाठी एकेक मांड.' कोणी म्हशीसाठी मांडेल, कोणी मेलेल्या आजीसाठी. सगळं चालेल, काढायला लावू नका.

पालकांचं काय? तक्रार बहुधा पुस्तक न बघितलेल्याकडून येते. म्हणून वर्गात वाचायच्या आधी पालकसभेत वाचून दाखवा. सभेला येतात त्या बहुतेक आज्या, त्यांना चपलांचं पुस्तक लगेच कळतं, पायऱ्या त्यांनीच झाडलेल्या असतात. एखादे बाबा म्हणतील, 'हे कशाला पोरांच्या डोक्यात?' त्यांना प्रवेशअर्ज दाखवा: 'वडिलांचे नाव' असा एकच रकाना असेल तर तिथे 'मुलाला सांभाळणारी व्यक्ती' असा आणखी एक करून घ्या. सरकारी कागदही बदलताहेत, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लागतं.

राहिला तो तक्ता. काढू नका, तशीही घरं आहेत आणि त्यांतली मुलंही तुमच्याच वर्गात आहेत. फक्त त्याला एकटा ठेवू नका. बाजूला दोरी बांधा आणि तिच्यावर मुलांनी भरलेल्या सहाव्या पायऱ्या लटकवा, प्रत्येकाला एक सुटा कागद, हव्या तितक्या चपला, नाव घालायचं की नाही हे त्याने ठरवायचं. चिमटे धातूची स्प्रिंग नसलेले, पूर्ण प्लास्टिकचे घ्या, स्प्रिंग गंजते आणि कागद फाटतो.